आधी सगळं बाहेर!

आमच्या सोसायटीत पाण्याचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे अध्वर्यू तळमजल्यावरचे काका. रात्री तांब्याच्या तांब्यात भरून ठेवलेलं पाणी ते पहाटे उकिडवे बसून एका दमात पितात आणि मग फिरायला निघाले की भेटेल त्याला विचारतात, ‘‘किती झालं?’’ किती म्हणजे किती लिटर. आपण ‘एक ग्लास’ म्हटलं की ते ज्या नजरेनं बघतात तिला उत्तर नसतं. दुसऱ्या पंथात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी एकट्याच. तहान लागली की प्यावं, नाही लागली तर कशाला प्यावं, एवढंच त्यांचं शास्त्र. दुपारपर्यंत दोन कप चहावर त्यांचं भागतं. काका त्यांना मुतखड्याची भीती घालतात, मावशी त्यांना ‘‘मग रात्री तीनदा उठतं कोण?’’ असं विचारतात. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासची, दोघांचीही तब्येत ठणठणीत. त्यामुळे हा वाद मिटायची आशा नाही.

दोघांच्या ठणठणीतपणाचं श्रेय ज्यांना द्यायचं त्या दोन अवयवांचं नाव मात्र रिपोर्टमध्ये ‘क्रिएटिनिन’ वाढल्याशिवाय कुणी काढत नाही. पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी, प्रत्येकी साधारण दीडशे ग्रॅमची ही मूत्रपिंडं. काकांनी चार लिटर रिचवलं तर ती नळाच्या पाण्यासारखी पातळ लघवी करून जास्तीचं पाणी घालवतात. मावशींनी पाण्याला हात लावला नाही तर तीच मूत्रपिंडं थोडकी आणि गडद पिवळी लघवी करतात. रक्ताची दाटी मात्र दोघांची सारखी. ही दाटी मिलीऑस्मोल नावाच्या मापात मोजतात. रक्ताचा आकडा २८५ ते २९५ च्या मध्ये, तिथून तो फारसा हलायचा नाही. लघवीचा आकडा मात्र ५० पासून १२०० पर्यंत कुठेही जाऊ शकतो. आत काटा स्थिर राहावा म्हणून बाहेर एवढी ओढाताण.

पण मला खरी मजा वाटते ती या कामाच्या पद्धतीची. रक्तातली घाण काढायची, तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, घाण तेवढी शोधा आणि उचलून टाका. मूत्रपिंड असं करत नाही. ते रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं जवळजवळ सगळंच आधी बाहेर काढतं. मीठ, साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, युरिया, सगळं. फक्त रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आत राहतात. दिवसाला असं १८० लिटर पाणी गाळून नळ्यांत उतरतं. शरीरातला रक्तद्रव सगळा मिळून तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा, दर चोवीस मिनिटांनी एकदा, आख्खा बाहेर येतो. आणि मग त्या १८० तले एकशे साडेअठ्ठ्याहत्तर लिटर, म्हणजे दीड सोडून सगळे, परत आत घेतले जातात. सरकारी खात्यानं हा कारभार केला असता तर चौकशी बसली असती.

आमच्या घरी दिवाळीआधी माळा याच पद्धतीनं साफ होतो. पितळी घंगाळ, शिवणयंत्राचं झाकण, मुलाच्या सायकलची बाजूची दोन चिमुकली चाकं, मेलेल्या मिक्सरची जिवंत भांडी, चेन गेलेली सुटकेस असं सगळं आधी खाली हॉलमध्ये येतं. बसायला जागा उरत नाही. संध्याकाळपर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा वर जातं आणि दारात भंगारवाल्यासाठी एक छोटा ढीग उरतो. एका वर्षी मी सुचवून पाहिलं की शिडीवर चढून भंगार तेवढंच वेचून काढू, बाकीचं हलवायचं कशाला? आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘वर बसून भंगार ओळखू येत नाही. खाली काढलं की जे ते आपापलं उचलतं. जे कुणीच उचलत नाही ते भंगार.’’

मूत्रपिंडाचं शास्त्र एवढंच आहे. विष ओळखायचं ठरवलं असतं तर जगातल्या प्रत्येक विषाची यादी पाठ करावी लागली असती, आणि उद्या कुणी नवं विष शोधून काढलं तर पंचाईत. त्यापेक्षा आपलं काय ते ओळखावं. साखर आपली, उचला. मीठ आपलं, लागेल तेवढं उचला. पाणी आपलं. बाकी ज्याला कुणी हात लावला नाही ते आपसूक मूत्राशयाकडे. कारखान्यात परवा तयार झालेलं एखादं औषध, ज्याची मानवजातीच्या पूर्वजांना स्वप्नातही कल्पना नव्हती, तेही या हिशेबानं बिनबोभाट बाहेर जातं.

त्यात कधीकधी गुणी पाहुणाही बाहेर काढला जातो, हे खरं. पेनिसिलिन मूत्रपिंडातून झपाट्यानं बाहेर पडतं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका आजारी पोलिसाला उपचार म्हणून ते प्रथम टोचलं तेव्हा जगात त्याचा साठा चिमूटभर होता. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याची लघवी गोळा केली, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा काढलं आणि त्यालाच पुन्हा टोचलं. माणूस सुधारायला लागला होता, पण साठा संपला आणि तो गेला. लघवीला एवढी किंमत त्यानंतर आपल्या माजी पंतप्रधान मोरारजीभाईंनीच दिली. ते शिवांबूचे, म्हणजे स्वतःचीच लघवी पिण्याचे, पुरस्कर्ते आणि ९९ वर्षं जगले, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. एवढंच म्हणतो, की मूत्रपिंडांनी रात्रभर खपून दाराबाहेर ठेवलेलं सकाळी परत आत आलं, तर ती बिचारी न कुरकुरता तेच पुन्हा बाहेर काढायला बसतात.

आता पाणी परत कसं घेतात, हा प्रश्न. शरीराला मीठ ढकलता येतं, पाणी ढकलता येत नाही. पाण्याचा पंप निसर्गानं बनवलेलाच नाही. जिथे दाटी जास्त तिथे पाणी आपणहून जातं, एवढाच त्याचा स्वभाव. म्हणजे लघवीतलं पाणी ओढून घ्यायचं तर लघवीच्या वाटेत, शरीराच्या आतच, रक्ताच्या चौपट खारट जागा तयार करावी लागणार. आणि ती खारट जागा रक्तात मिसळू न देता राखावी लागणार.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या असतात. १८६२ साली याकोब हेन्ले या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला असं दिसलं, की या नळ्या मूत्रपिंडाच्या गाभ्यात सरळ खोल उतरतात, केसात खोवायच्या आकड्यासारख्या वळतात आणि आल्या वाटेनं शेजारूनच परत वर येतात. हे हेन्ले गटिंगेनला शिकवत, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कॉख पुढे क्षयाचे जंतू शोधून जगप्रसिद्ध झाला. गुरुजींचं नाव या वळणाला चिकटलं, ‘लूप ऑफ हेन्ले’. पण ही नळी खाली जाऊन लगेच वर का येते, हे पुढची ऐंशी वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. जायचंच आहे बाहेर, तर हा हेलपाटा कशाला?

उत्तर दिलं ते डॉक्टरानं नाही, रसायनवाल्यानं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे वेर्नर कून यांनी १९४२ साली सांगितलं की सगळी करामत त्या हेलपाट्यातच आहे. दोन प्रवाह शेजारून उलट दिशांना वाहवले की छोट्या फरकाचा मोठा फरक करता येतो, हे रसायनाच्या लोकांना ठाऊक होतं. वैद्यकातल्या लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही, एक तर युद्ध चालू होतं. १९५१ मध्ये कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गोठवलेल्या मूत्रपिंडाचे पातळ काप केले आणि बर्फाचे कण कुठे आधी वितळतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. जितकं खारट तितकं लवकर वितळणार. गाभ्यात जसजसं खोल जावं तसतसं खारट. तरी शंका घेणारे होतेच. १९५९ साली अमेरिकेत कार्ल गॉट्शॉक यांनी केसाहून बारीक काचेच्या नळीनं जिवंत प्राण्यांच्या त्या नळ्यांतला एकेक थेंब काढून मोजला, तेव्हा शंका संपली.

ही करामत जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. हेन्लेच्या उतरत्या नळीतून पाणी सहज बाहेर झिरपतं. चढती नळी पाण्याला अजिबात वाट देत नाही, पण मीठ मात्र पंपानं बाहेर टाकत राहते. त्या मिठानं भोवतालची ऊती खारट होते. तिच्या खारटपणानं शेजारच्या उतरत्या नळीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्यामुळे वळणावर पोचणारा द्रव आणखी दाट होतो. तो दाट द्रव चढणीला लागला की पंपाला बाहेर टाकायला आणखी मीठ मिळतं. एका जागी तो पंप २०० च्या आसपास फरक पाडू शकतो, त्याची ताकदच तेवढी. पण उलट्या प्रवाहांमुळे तो फरक खाली खाली साठत जातो आणि गाभ्याच्या टोकाशी आकडा १२०० वर जातो. मग लघवी गोळा करणारी शेवटची नळी याच खारट गाभ्यातून खाली उतरते. तिच्या भिंतीतून पाण्याला वाट असली की पाणी आपणहून बाहेर पडतं, जवळच्या रक्तवाहिन्या ते टिपून घेतात, आणि नळीत उरते ती मावशींची गडद पिवळी लघवी.

आणखी एक गोष्ट मला भारी वाटते. गाभ्याचा हा खारटपणा एकट्या मिठाचा नसतो. त्याच्या सगळ्यात खोल भागात जवळजवळ अर्धा वाटा युरियाचा असतो. युरिया म्हणजे आपण खाल्लेल्या वरणातल्या, उसळीतल्या, मटणातल्या प्रथिनांचं शेवटचं भंगार. ते टाकण्यासाठीच हा सगळा खटाटोप, आणि मूत्रपिंड त्याच भंगारातला काही भाग मुद्दाम गाभ्यात साठवून पाणी वाचवायला वापरतं. ज्यांच्या जेवणात प्रथिनंच फार कमी असतात त्यांच्या मूत्रपिंडांची लघवी दाट करायची ताकदही कमी पडते. आमच्या सौ. मेलेल्या मिक्सरची भांडी का टाकू देत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. त्यातल्या एकात पोह्यांचा चिवडा असतो.

शेवटच्या नळीच्या भिंतीत पाण्याला वाट असावी की नसावी, हे ठरतं मेंदूत. रक्ताची दाटी शेकडा एका-दोनानं वाढली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ते जाणवतं. तहानही लागते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. त्याचा निरोप पोचला की नळीच्या पेशी पाण्याच्या वाटा पृष्ठभागावर आणून बसवतात, निरोप थांबला की आत ओढून घेतात. या वाटांचं नाव ॲक्वापोरिन. अशी पहिली वाट १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पीटर ॲग्री यांनी तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात ओळखली आणि त्याबद्दल त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारू हा निरोप मेंदूतून नीट सुटूच देत नाही. म्हणून ‘बसलेली’ मंडळी सारखी उठत असतात, गरजेहून जास्त पाणी बाहेर टाकतात, आणि सकाळी कोरड्या घशानं डोकं धरून बसतात.

तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून या कामात कच्ची असतात, लघवी फारशी दाट करू शकत नाहीत. दोरीवर दिवसभर वाळणाऱ्या लंगोटांचं एक कारण ते. जुलाब झाले की बाळ मोठ्या माणसापेक्षा फार लवकर सुकतं, तेही काही अंशी त्यामुळेच. उतारवयात ही ताकद पुन्हा उतरणीला लागते.

पण काका रात्री तीनदा उठतात त्यामागे त्यांचा तांब्या आणि त्यांचं वय एवढंच नाही, त्यांचे पायसुद्धा आहेत. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. २८ लिटर पेशींच्या पोटात, तीन लिटर रक्तात, आणि राहिलेले अकरा लिटर पेशींच्या फटींतून पसरलेले. रक्तातून केशवाहिन्यांच्या भिंतींमधून पाणी या फटींत झिरपत असतं, आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्याला मागे खेचत असतं. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये हा तोल मांडला. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की हे पाणी पोटऱ्यांत, घोट्यांत साचतं. संध्याकाळी काका मोजे काढतात तेव्हा इलॅस्टिकचा वळ गोल, खोल, जाळीजाळीचा उमटलेला असतो आणि चहा होईपर्यंत जात नाही. त्यांच्या डॉक्टरीणबाई नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरतात, उचलतात आणि पडलेल्या खळगीकडे घड्याळात बघितल्यासारखं बघत राहतात. खळगी किती वेळात भरते त्यावरून त्यांना जे कळायचं ते कळतं. रात्री काका आडवे झाले, की पायातलं ते पाणी रक्तात परततं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं, आणि मध्यरात्री बाथरूमचा दिवा लागतो. चाळीशीनंतरच्या बऱ्याच झोपमोडीला असा दिवसाचा इतिहास असतो.

यात मिठाचा हात मोठा. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. पेशींबाहेरच्या पाण्याच्या दाटीचा हिशेब त्याच प्रमाणात चालतो. लग्नाच्या पंगतीत लोणचं, पापड, मठ्ठा असं करत जास्तीचं ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंत एक लिटर पाणी अंगात अडवून ठेवतं. दुसऱ्या दिवशी अंगठी रुतते आणि वजनकाटा किलोभर वर जातो. दोष जिलबीला दिला जातो. ते मीठ बाहेर काढायला मूत्रपिंडांना एक-दोन दिवस लागतात, पण ती काढतात.

प्राण्यांमध्ये आपला नंबर या बाबतीत मधलाच. अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू रॅट नावाचा उंदीर जन्मभर पाणी पीत नाही. कोरड्या बिया खातो, त्या पचताना जे थोडं पाणी तयार होतं त्यावर भागवतो आणि आपल्या तिपटीहून दाट लघवी करतो. पाण्यातच राहणाऱ्या बीव्हरला ही काटकसर जमत नाही, त्याला गरजही नाही. आपल्याला समुद्राचं पाणी चालत नाही ते आपली ताकद अशी मधलीच असल्यामुळे. त्यातलं लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना एका लिटरहून जास्त पाणी लागतं, म्हणजे प्यालो तेवढं जाऊन गाठीचंही जातं.

आणि काटकसर किती केली तरी तिला तळ आहे. रोजच्या जेवणातून जेवढं भंगार तयार होतं ते १२०० च्या दाटीनं बाहेर काढायचं म्हटलं तरी रोज निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. त्यात घासाघीस नाही. ही काटकसर सगळ्यात जास्त कोण करतं, ते लग्नाच्या नाहीतर सहलीच्या गाडीत बसलं की दिसतं. सकाळी निघायच्या आधी घरातल्या बायका चहासुद्धा अर्धाच घेतात. मावशी वाटेत पाण्याची बाटली पुढे केली की ‘‘नको बाई, पोचल्यावर’’ म्हणतात. त्यांच्या पंथाचं खरं शास्त्र बहुधा याच रस्त्यांवर तयार झालंय. पुरुषांना आडोशाला एखादी भिंत पुरते, मग तिच्यावर काहीही लिहिलेलं असो. बायकांना तासन्‌तास थांबावं लागतं, त्यातून जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. मुंबईतल्या बायकांना तर पुरुषांना फुकट असलेल्या मुतारीसाठी पैसे मोजावे लागत होते म्हणून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभी करावी लागली. मूत्रपिंडांनी पाणी चौपट दाटीपर्यंत वाचवायची सोय करून ठेवली आहे ती दुष्काळासाठी. ती पुणे ते कोल्हापूरसाठी वापरायला लागू नये.

तेव्हा सहलीची गाडी ठरवणाऱ्या तमाम भाऊजींना, काकांना आणि दादांना विनंती, की दर दोन तासांनी थांबा. आणि थांबाल तिथे मिसळ कशी मिळते ते नंतर बघा. आधी बायकांच्या बाजूला दार लागतं का, कडी आहे का, नळाला पाणी येतं का, ते विचारा. चहा दुसरीकडेही मिळेल.